परपोशी मोह

जंगलाच्या विरळणीचा नियम आता सोपा झाला होता. जे झाड शेजाऱ्यांकडून जास्त घेतं आणि देतं कमी, ते परपोशी. त्यावर हातोड्याचा शिक्का मारायचा आणि ते तोडायचं, म्हणजे उरलेल्यांना ऊन-पाणी मिळतं. पूर्वी हे माणसं नजरेने ठरवत, त्यामुळे चुका होत. आता मूळमापक ठरवी. चुका होतच, पण दशांश चिन्हासकट.

ते यंत्र मोहाच्या बुंध्याशी खुपसून वनशास्त्रज्ञ डॉ. नलिनी बोरकुटे आकडे बघत होत्या. शेजारी जयतूबाई नैताम उभी होती. दर उन्हाळ्यात ती याच झाडाची फुलं वेची. तिचं वर्ष त्यावर निघे.

"जमिनीखाली बुरशीचे धागे असतात, बाई. त्यांनी मुळं एकमेकांना जोडलेली. त्यातून एक झाड दुसऱ्याला साखर पाठवतं. तुमच्या मोहाला एक्केचाळीस झाडं पोसतायत."

"अन् हा काय देते?"

"काही नाही."

"म्हणजे आमचा जावईच."

बोरकुटेंना हसू आलं, पण आकडा खटकत होता. आजारी झाडाला, सावलीतल्या रोपाला शेजारी पोसतात. हा मोह तर धट्टाकट्टा. त्यांनी यंत्राच्या चाचणीच्या काळातल्या जुन्या नोंदी उघडल्या. नियम येण्याआधी त्याला कुणी काहीच देत नव्हतं.

"गेल्या साली इथली कोणती झाडं तोडली?"

"चार. चारही मोहच होते जी."

"मोहाखाली तुम्ही करता काय?"

"पाला जाळतो. भुई साफ झाली का फुलं दिसतात. कधी आग पसरते जराशी."

"जराशी म्हणजे?"

जयतूबाईने हनुवटीने अख्खा डोंगर दाखवला.

बोरकुटेंनी यंत्रावरचा आकडा पुन्हा तपासला. नकोसा कारकून घालवायला त्याच्या खणात पैशांचं पाकीट सरकवून लाचेची तक्रार करणारे लोक त्यांनी पाहिले होते. झाडांना हे जमतं, असं कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

"आपण ज्याला खाऊ घालू ते तोडलं जातं, हे या शेजारच्या झाडांना कळलंय, बाई."

"नाही जाळत आम्ही आतापासून. खाली जाळी बांधू. सांगा त्यांना."

"यंत्र नुसतं ऐकतं. बोलत नाही."

"मग शिक्का नका मारू."

"आकडा वर पोचलाय. नाही मारला तर मला उत्तर द्यावं लागेल."

त्यांनी हातोडा मारला. साल उडाली. जयतूबाईने त्या पांढऱ्या खुणेवरून हात फिरवला.

"मॅडम, तुम्ही नक्की कुणाकडे कामाला जी?"

"वनखात्यात," बोरकुटे सवयीने म्हणाल्या, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यातला 'वन' हा शब्द त्यांना नीट ऐकू आला.