सरसातले गाल

त्या दिवशी ना ऊन होतं, ना वारा. हवा कशी, ओल्या पोतेऱ्यासारखी अंगाला चिकटत होती. सुतार शेगडीवर सरस वितळवत बसला होता. जनावरांची कातडी-खुरं उकळून केलेला तो चिकटा; त्याची घाण खोलीभर कोंदली होती.

वाचनालयात विनोदी चित्रांची स्पर्धा होती. ओळखीच्या माणसाचं असं चित्र काढायचं, की बघणाऱ्याचं हसून पोट दुखावं. सुतारानं जन्मात कुंचला धरला नव्हता. पण ज्यानं त्याला लहानाचा मोठा केला तो थोरला भाऊ शेजारच्याच खोलीत राहायचा, आणि तो हौसेनं समोर येऊन बसला होता.

"गाल चांगले भोपळ्याएवढे कर रे," दादा म्हणाला. "जन्मभर काटकुळा म्हणून चिडवलंत. आता तरी बाळसं धरू दे!"

रंग कशात कालवतात, हे सुताराला कुठलं ठाऊक? फळीला जे धरतं ते रंगालाही धरेल, म्हणून त्यानं सरसातच कालवले. फुगीर गाल, लोंबती हनुवटी... दादाला हसता हसता ठसका लागला.

सकाळी बघतो तर चित्रातले गाल ओलेच. बोट लावलं, ते आत रुतलं. आणि आत कोमट... सुतारानं बोट झटकन मागे घेतलं. त्यानं न रेखाटलेले बारीक पांढरे केस रंगातून वर आले होते. हनुवटीवरून पिवळं पाणी ठिबकत होतं.

तेवढ्यात शेजारीण धावत आली. "भाऊजी, दादांचं तोंड बघा हो कसं सुजलंय! श्वास कोंडतोय त्यांचा..."

सुतारानं जाऊन पाहिलं. तेच गाल, तीच हनुवटी. वासही तोच.

"पूस रे..." दादा कसाबसा पुटपुटला.

सरस गरम पाण्यानं सुटतो, एवढं सुताराला पक्कं ठाऊक. परत येऊन त्यानं फडकं बुडवलं आणि चित्रातले गाल चोळायला घेतले. सायीसारखे पापुद्रे निघून बोटांना वेढू लागले. त्याचा हात थांबला नाही. गाल उतरले. हनुवटी गेली. घाईत फडकं दोन गालांच्या मधे जरा घसरलं...

भिंतीपलीकडची घरघर थांबली. सुताराच्या जिवात जीव आला.

शेजारीण पुन्हा दारात उभी राहिली. हातातला पाण्याचा पेला भरलेला, तसाच.

"सूज उतरली हो भाऊजी... दादा नजरेनं पाणी मागताहेत..." ती अडखळली. "पण पाजू कुठून?"