मोजक्याने न वाचलेली पानं

केतकीने रुमालाची गाठ सोडली आणि स्वतःचं जावळ यंत्रमानवासमोर ठेवलं. "यावरून सांग, ते आजोबा माझेच आहेत का?"

यंत्रमानवाचं नाव मोजक्या. त्याने केस भिंगाखाली धरले. "हे वस्तऱ्याने काढलेत. पेशी (शरीराच्या सूक्ष्म विटा) केसाच्या मुळाशी असतात, आणि मुळं तर तुझ्या डोक्यातच राहिली! यावरून मला नातं सांगता येणार नाही."

तीन वर्षांपूर्वी घाटात बस उलटली, तेव्हापासून केतकीचे आजोबा बेपत्ता होते. आता या आश्रमात एक आजोबा सापडले होते. दाढी वाढलेली, गालावर मोठा व्रण, आणि स्वतःचं नावही आठवत नव्हतं. केतकीच्या आईला घडीत वाटे, हेच माझे बाबा. घडीत वाटे, नाहीत. आईने आपल्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना दिला होता. आजोबा मात्र बोळ्यासाठी तोंडच उघडेनात.

"माझं मलाच आठवत नाही, आणि हे डबडं सगळं वाचून गावभर सांगणार?" ते कुरकुरले.

"डबडं नाही, मोजक्या," मोजक्या म्हणाला. "डीएनए (पेशीतला लांबच लांब धागा, त्यावर शरीराची घडण लिहिलेली असते) हे जाडजूड पुस्तक समजा. मी त्यातल्या वीसच जागा बघतो. तिथे एकच छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो, टिक टिक टिक. तो किती वेळा आला, एवढंच मोजतो. प्रत्येक जागी दोन आकडे असतात. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. या ताईंच्या प्रत्येक जोडीतला एक आकडा तुमच्याकडेही सापडला, तर तुम्ही त्यांचे वडील."

"आणि उरलेलं पुस्तक?" केतकीने विचारलं.

"बंद. कायदाच तसा आहे. संमती (समजून दिलेली परवानगी) ज्या कामाची, तेवढंच काम. मग नमुना जाळायचा, आकडे पुसायचे."

"अरे, आलोच आहोत तर एक बघ ना," आई हळूच म्हणाली. "आमच्या घरात साखरेचा आजार आहे. केतकीलाही होईल का?"

"तिचाही बोळा घेतला तर थोडा अंदाज बांधता येईल. पण वाचणार नाही. ती पानं केतकीची आहेत, ताई. मोठी झाली की तिचं ती ठरवेल."

आई ओशाळली. "रागावलास?"

"मला राग बसवलेलाच नाही."

खाटेवर आजोबा खुदकन हसले. "पोरीची आई विनवतेय, तरी वाचत नाही? मग माझं कशाला वाचेल!" आणि त्यांनी मोठ्ठा आ केला.

यंत्र घुमत राहिलं. आईने केतकीचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"वीसपैकी वीस," मोजक्या म्हणाला. लगेच त्याने दोन्ही बोळे जाळले, आकडे पुसले. केतकी बघतच राहिली. तिला तर मैत्रिणीची डायरी दिसली तरी हात आवरत नसे! बाहेर आपापली हरवलेली माणसं शोधणारी आणखी अकरा कुटुंबं थांबली होती. मोजक्याने त्यांच्यासाठी दार उघडलं.

"थांब रे," आजोबांनी हाक मारली. "नाव काय माझं?"

"ते धाग्यावर लिहिलेलं नसतं. नातीला विचारा."

केतकी खाटेवर चढून बसली. "रंगनाथ. पण सगळे तुम्हाला रंगूशेठ म्हणायचे, आणि तुम्ही जाम चिडायचात."

"असं?" आजोबा आईचे डोळे पुसत म्हणाले. "म्हणून बघ बरं एकदा. चिडायला जमतंय का पाहू."