मापाड्या

कॉलेज सोडल्यापासून मी लाकडाची गावं बनवतो. टेबलावर खेळायच्या लढाया असतात. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि तासन्तास वाद घालणारी दोन मोठाली माणसं. त्यांना लढायला टेकड्या, कुंपणं, घरं लागतात. ती मी करून देतो. बाबा बाहेर सांगतात, "मुलगा डिझाइनमध्ये आहे." घरात म्हणतात, "बाहुल्यांची घरं बांधतोय घोडा."

त्या दुपारी सात घरांपैकी शेवटचं उरलं होतं आणि क्लबवाला संध्याकाळी न्यायला येणार होता. लाकूड संपलं. पाण्याच्या टाकीमागे मागच्या खोलीचं जुनं दार पडलं होतं. त्या खोलीत आजोबा गेले आणि महिन्याभरात बाबांनी दार बदलून घेतलं. "वाळवी," म्हणाले होते. मी फळी कापली. वाळवीचं एक भोक नव्हतं. एका बाजूला कसल्याशा रेघा होत्या, त्या रंध्याने साफ केल्या. भुशाला आजोबांच्या मलमाचा वास आला. म्हाताऱ्या माणसाचा वास लाकडात मुरतो, त्यात नवल काही नाही.

रंधा आजोबांचाच. ते सुतारकाम करायचे, हे आमच्याकडे पाहुण्यांसमोर कुणी बोलत नाही. शाळेत असताना मी हौसेने अशी घरं करायचो, तेव्हा मापाड्याही त्यांनीच करून दिलेला. मापाड्या म्हणजे सैनिकाच्या उंचीचा, एक हात वर केलेला लाकडी माणूस. घर बांधताना तो आतून दाराशी उभा करायचा. त्याची मूठ चौकटीच्या वरच्या पट्टीला टेकली की दार मापात. मग त्याला बाहेर काढायचं आणि छप्पर नुसतं ठेवायचं. चिकटवायचं नाही, कारण खेळताना सैनिक आत घालायचे असतात. शेंबडं पोरगंही चुकणार नाही.

मी चुकलो. दोन रात्री झोप नव्हती. दार बसवलं, शोभेला बाहेरून तारेची कडी लावली आणि छपराला डिंक फासून दाबून धरलं. हात धुऊन आलो तेव्हा लक्षात आलं, मापाड्या आत राहिला.

आणि घरातून आवाज येत होता. ट्क. ट्क. नखाने फळी वाजवावी तसा. ओलं लाकूड बोलतं, मला माहीत आहे. ही फळी ठणठणीत कोरडी होती.

बाबा चहा घेऊन खोलीच्या दारात उभे होते. त्यांचं लक्ष फळीच्या उरलेल्या तुकड्याकडे होतं.

"हे कुठलं लाकूड?"

"मागच्या दाराचं."

"तुला सांगितलं होतं ना, त्याला हात लावू नकोस म्हणून..."

"वाळवी नाहीये त्याला, बाबा."

ट्क. ट्क.

बाबा दोन पावलं आत आले. "उघड ते..."

"का?"

"रस्त्यावर निघून जायचे रे आजोबा," बाबा त्या इवल्याशा दाराशी बोलत होते. "तुझी आत्याच फोनवर म्हणाली, कडी घालून ये. पाणी ठेवलं होतं... डबा ठेवला होता. एका रात्रीचा तर प्रश्न होता..."

मला हॉस्टेलवर फोन आला होता, की आजोबा झोपेतच गेले, शांतपणे. आत्या तर वर म्हणाली होती, "असं मरण नशीबवानाला येतं." परीक्षा टाकून आलो तो परत गेलोच नाही. मग ह्याच लोकांनी मला बेजबाबदार ठरवलं.

पटाशी घालून मी छप्पर उचकटलं. मापाड्या दाराला चिकटून उभा होता. वर केलेली मूठ नव्हती. हात मनगटापर्यंत झिजला होता, पायाशी चिमूटभर भुसा. दाराच्या आतल्या बाजूला, मी स्वतः रंधा मारलेल्या लाकडावर, केसाएवढ्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवरून एक आडवी. आजोबा फळ्या मोजताना अशाच मारायचे. माझ्या सुट्टीला किती दिवस उरले, ते मोजतानाही.

"किती रात्री, बाबा?"

त्यांनी चहा संपवला. सगळा.

"आत्याने आग्रह केला," ते म्हणाले. "आज राहा, उद्या जा... असं करत करत..."

मला ओरडायचं होतं.

क्लबवाल्याला सहाच घरं दिली. सातव्यात डोकावून तो म्हणाला, "दार तर झकास जमलंय की!"

त्या दिवसापासून बाबा मागच्या खोलीत झोपतात. मी सांगितलं नाही, अडवलंही नाही. नव्या दाराची कडीही बाहेरूनच आहे. तेवढं बदलायचं राहून गेलं. घरात आम्ही दोघेच. मी त्या कडीला कधी हात लावलेला नाही.

आज सकाळी ती लागलेली होती. आणि टेबलावरच्या बिनछपराच्या घरात, त्या पाच रेघांशेजारी, एक नवी उभी रेघ होती.

आता दुपार झाली आहे. टकटक चालू आहे. ती टेबलावरून येतेय की मागच्या खोलीतून, हे उठून बघायला हवं.

उठतो. जरा वेळाने.