पांढऱ्या छातीचा राघू

“पाहुणे यायचे म्हटलं की आधी वाट लागते ती माझ्या कमरेची,” स्पासकाका स्वतःशीच कुरकुरले आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांनी चुन्याचा आणखी एक फटकारा मारला.

त्यांना वाटत होतं, आपण एकटेच आहोत. बुंध्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, नेदा जर्दाळू खात बसली होती. तिने बी तोंडातच धरून ठेवली आणि ऐकत राहिली. शुक्रवारी, म्हणजे उद्याच, कंपनीचे संचालक राजधानीहून बडी मंडळी घेऊन येणार होते. रेतीच्या खाणीने पाखरांसाठी काय काय केलं ते बघणार होते, फोटो काढणार होते. आणि एवढ्या सगळ्याला मुकादम एक, कंबरही एकच.

यात नेदाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या गावात पाहुणे म्हणजे चुना. झाडं कमरेएवढी पांढरी व्हायची, रस्त्याच्या कडेचे दगड पांढरे व्हायचे, फाटकाचे खांब, विहिरीचा कठडा, सगळं पांढरं. जे उभं आहे आणि हलत नाही त्याला चुना, असा नियमच होता म्हणा ना. एका वर्षी तर कुणाची तरी झोपलेली बकरीही थोडक्यात वाचली होती.

तेवढ्यात ओग्न्यान धावत आला. ओग्न्यान हा तिचा मामेभाऊ, वय वर्षं दहा. सुट्टीत शहरातून आलेला आणि दिवसातून चार वेळा काहीतरी भयंकर पाहणारा. या वेळी त्याने पांढऱ्या छातीचा राघू पाहिला होता. राघू म्हणजे पोपट नव्हे, उडते किडे टिपणारा वेडा राघू.

“राघूची छाती निळी असते,” नेदा म्हणाली.

“याची पांढरी आहे. आणि वेड्यासारखा एकाच तारेवर येऊन बसतोय.”

मागोमाग रादोस्तिन आला. तो तेरा वर्षांचा, शेजारच्या घरातला, आणि या तिघांत सगळ्यात शहाणा. निदान असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्याने जाहीर करून टाकलं की ही पाखराची नवी जात आहे, आणि शोधणाऱ्याचं नाव तिला द्यावं लागतं. ओग्न्यानचं म्हणणं पडलं की पाखरू आपण पाहिलं. दोघांची जुंपली. नेदाने बी थुंकली आणि सायकल काढली.

जुन्या खाणीतली रेती चार वर्षांपूर्वी संपली. कंपनीने तो खड्डा बुजवला नाही. त्यात पाणी साठू दिलं, काठाने बोरू लावले आणि एका बाजूची उंच, सरळसोट रेतीची भिंत मुद्दाम तशीच सोडली. पहिल्या वर्षी तिथे राघूंच्या दोन जोड्या आल्या. यंदा नेदाने भिंतीतली बिळं मोजली होती, एकतीस. हाताएवढी लांब बिळं, आणि या दिवसांत प्रत्येकाच्या तळाशी पिल्लं. पहाटेपासून आईबाप चोचीत चतुर धरून आत-बाहेर करत असायचे. समोरच्या टेकाडावर कंपनीने एक बाक टाकला होता. मुलांना तिथवर जायची परवानगी होती. त्यापुढे पाऊल टाकायचं नाही, कारण भिंत कधीही ढासळू शकते.

टेकाडावर पोचल्यावर तिघंही जागीच थबकली.

अर्धी भिंत पांढरीशुभ्र होती. चुना ओला असताना ओघळून बिळांच्या तोंडांवर आला होता आणि उन्हाने त्याची पापडी धरत होती. एक राघू चोचीत चतुर घेऊन आला, बिळापुढे फडफडला, छाती आपटली, मागे फिरला आणि तारेवर जाऊन बसला. पुन्हा आला. पुन्हा आपटला. त्याची छाती पांढरी का, हे आता कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती.

नवी जात रादोस्तिनने मुकाट्याने परत घेतली.

नेदाने मोजलं. पांढऱ्या भागात चौदा बिळं होती. नवांमध्ये एकही पाखरू शिरू शकत नव्हतं.

“चोरांचं काम,” ओग्न्यान कुजबुजला.

“चोर चुना न्यायला येतो, शहाण्या. द्यायला नाही,” रादोस्तिन म्हणाला आणि खाली बोट दाखवलं. भिंतीच्या पायथ्याशी हातगाडीवर एक पिंप आणि पंप उभा होता. पिंपावर टांगलेला, चुन्याचे डाग पडलेला कोट तिघांच्याही चांगला ओळखीचा होता.

मुलांनी परत येऊन विचारलं, तेव्हा स्पासकाकांनी काहीही लपवलं नाही. उलट त्यांचा चेहरा उजळला. “मातकट भिंत फोटोत काय दिसणार, सांगा बरं? आता बघा, पांढऱ्यावर काळी बिळं कशी उठून दिसतात! पाहुणे खूश होतील.” पिंपातला चुना मध्येच संपला, बादलीत उरला तो झाडांना गेला, म्हणून अर्धी भिंत राहिली होती. सकाळी सातला नवी गाडी येणार, म्हणजे दहापर्यंत सगळी भिंत लख्ख.

पिल्लं उपाशी मरतील, असं नेदाने सांगितलं, तेव्हा ते हसले. आपल्या घराला ते दरवर्षी चुना देत होते आणि अजून जिवंत होते.

“पण काका, घराच्या दारावर नाही ना देत,” नेदा म्हणाली.

काकांनी एकदा भिंतीच्या दिशेने पाहिलं. पण कामाची यादी लांब होती आणि माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांनी तिघांना एकेक गोड गोळी दिली आणि घरी पिटाळलं. मुलांनी कचेरीत फोन लावला, तर कारकुनाने सांगितलं की साहेब रस्त्यात आहेत, उद्याच भेटतील. सुरक्षा अधिकारी बोयानोवाबाईंचा फोन बंद होता. उद्या! उद्यापर्यंत चोचीतला चतुर तारेवरच राहणार होता.

शेवटी मुलं गेली स्लावचो आजोबांकडे.

नेदाचे आजोबा तीस वर्षं त्याच खाणीत यंत्राने रेती काढत होते. निवृत्त झाले त्या दिवसापासून खाणीकडे फिरकले नाहीत. अंगणात खुर्चीसुद्धा खाणीकडे पाठ करून ठेवायचे. लोक म्हणत, त्यांच्या मधमाश्या राघू खातात म्हणून. खाण व्हायच्या आधी राघू कुठे राहायचे, असं नेदाने घरात दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा आजीला एकदम चुलीवरचं दूध आठवलं होतं.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मधल्या बोटाने कपाळ खाजवलं. नेदाला वाटलं, आता म्हणतील, बरं झालं, माझ्या माश्या वाचल्या.

“चुना कधी मारला?” त्यांनी विचारलं.

“दुपारी.”

“मग अजून पक्का झाला नसेल.”

ते उठून पडवीत गेले. मधाची पेटी उघडताना माश्या हळूच झाडायला ते हंसाचा पंख वापरायचे. तो त्यांनी फळं काढायच्या लांब काठीच्या टोकाला बांधला. मग खोक्यातून लाल-पांढऱ्या फितीचं एक जुनं रीळ काढून नेदाच्या हातात ठेवलं.

खाणीत ही फीत म्हणजे दगडावरची रेघ. ती जिथे बांधली असेल तिथे माणूस जाणार नाही, यंत्र जाणार नाही, संचालकसुद्धा जाणार नाहीत. सुरक्षा अधिकाऱ्याने वहीत सही केल्याशिवाय ती सुटत नाही. आणि हा नियम सगळ्यात कडक कोण पाळायचं? स्पास मुकादम. फितीखालून वाकून गेला म्हणून त्यांनी आपल्या सख्ख्या जावयाची दिवसाची मजुरी कापली होती.

“दोन पदरी बांधा,” आजोबा म्हणाले. “एक गुडघ्याशी, एक छातीशी. एकच असली की लोक ओलांडतात.”

ऊन अजून झाडांच्या वर होतं. मुलांनी भिंतीपासून दूर, टेकाडाच्या पायथ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत फीत ओढली. ओग्न्यानच्या गाठी सुटत होत्या, त्यामुळे रादोस्तिनला त्या पुन्हा बांधाव्या लागल्या आणि तसं त्याने पाच वेळा सांगितलंही. आजोबांनी मुलांना फितीबाहेर थांबायला बजावलं. मग एकटेच, जुनं शिरस्त्राण घालून, भिंतीकडे गेले. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा.

एकेका बिळापाशी ते काठी वर करायचे आणि पंखाने तोंडावरची पापडी हलकेच झाडायचे. रेती नाही, फक्त चुना. पंख बरोबर जागेवर पडत होता. चौथं बीळ मोकळं झालं आणि ते मागे सरतात न सरतात तोच एक राघू त्यांच्या कानाजवळून सूं करून आत शिरला. आजोबा तिथेच उभे राहिले. बराच वेळ त्यांनी पुढच्या बिळाला हात लावला नाही.

सकाळी सातला चुन्याची गाडी आली आणि फितीपाशी थांबली.

स्पासकाका लाल झाले. फीत कुणी बांधली म्हणून गरजले. कामगारांनी खांदे उडवले. एकाने भोळेपणाने सुचवलं की कापून टाकू का, तर काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गाडीत जाऊन बसला. काकांनी बोयानोवाबाईंना सात वेळा फोन केला. बाई पाहुण्यांबरोबर गाडीत होत्या आणि मधल्या खोऱ्यात फोन लागत नाही. काका फितीसमोर येरझारा घालत राहिले. पण तिला बोटही लावलं नाही. टेकाडावरच्या बाकाखाली तीन मुलं पोट धरून लोळत होती.

अकराला पाहुणे आले. अर्धी पांढरी, अर्धी मातकट भिंत बघून संचालक चक्रावले. काका चुन्याचं कौतुक सांगू लागले, पण त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण बोयानोवाबाई फितीच्या गाठी तपासत होत्या.

“ही कुणी बांधली?”

नेदा उठून उभी राहिली. मग बाकीचे दोघं. तिने सगळं सांगितलं: तारेवरचा राघू, नऊ बिळं, पंख, आणि आज सकाळी पाहिलं तेव्हा नवांपैकी सात बिळांत पुन्हा ये-जा सुरू झाली होती. दोन गप्पच होती.

बाईंनी वही काढली. बंदीचं कारण लिहायच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘आत कुटुंबं राहतात’, आणि सही केली. फीत पाखरं उडून जाईपर्यंत तशीच राहील, असं सांगितलं. स्पासकाकांनी टोपी काढली. पाहुण्यांसाठी चुना मारायच्या आधी पाखरांना विचारायला हवं होतं, असं ते नेदाजवळ येऊन पुटपुटले. हे एवढं बोलायला त्यांना चुन्याच्या दहा बादल्यांहून जास्त कष्ट पडले. संचालकांनी तिघांशी हात मिळवले. पुढच्या वर्षीपासून भिंतीचं काही करायचं असेल तर आधी या मुलांना दाखवायचं, असं त्यांनी बोयानोवाबाईंच्या वहीतच लिहायला लावलं. रादोस्तिन एवढा फुगला की ओग्न्यानने त्याला कोपर मारून जमिनीवर आणलं.

मग संचालक आजोबांकडे वळले. ते मागे, गावकऱ्यांच्या घोळक्यात उभे होते, हातात काठी, काठीला पंख.

“तुम्ही तर इथलेच,” संचालक म्हणाले. “ही भिंत नव्हती तेव्हा ही पाखरं कुठे असायची?”

घोळक्यात चुळबुळ झाली. कुणी बूट बघू लागलं, कुणी आभाळ. स्पासकाकांना खोकला आला. आजी घाईघाईने पुढे झाली आणि चीज भरलेल्या गरम बानित्साच्या वड्यांचं ताट पाहुण्यांपुढे धरत म्हणाली, घ्या ना, चीज आमच्याच गाईचं आहे.

“थांब गं,” आजोबा हळूच म्हणाले.

आजीने ताट खाली घेतलं.

“नदीच्या काठाला उंच दरड होती,” आजोबा म्हणाले. “शेकड्यांनी बिळं होती तिच्यात. ती दरड मी पाडली. माझ्या यंत्राने. अशाच दिवसांत. पाखरं आत होती, मला माहीत होतं. इथे उभ्या असलेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांनाच माहीत होतं. आम्हाला काम हवं होतं, म्हणून आम्ही बोललो नाही, आणि नंतरही कधी बोललो नाही.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. एक राघू बिळातून निघून त्यांच्या डोक्यावरून पाण्याकडे गेला.

“तरी पाखरं परत आली. तुम्ही ही भिंत ठेवलीत म्हणून आली, आणि या पोरांमुळे राहिली. तुमचे सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.”