दोनशे सात नंबरची कॅसेट

व्हीसीआरचं हेड पुसायचं स्पिरिट संपलं म्हणून त्या दिवशी मी सायकलवरून मिरजोळ्याला गेलो होतो. तिथल्या एका कारखान्यातला ओळखीचा माणूस मला बाटली भरून द्यायचा. परत आलो तर दुकानाच्या पायरीवर अयूबभाई बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत एक व्हिडिओ कॅसेट. पंच्याऐंशी सालचा श्रावण होता.

रत्नागिरीत तेव्हा व्हीसीआर दुरुस्त करणारे आम्ही दोघे-तिघेच. आखातात गेलेल्यांच्या घरी मशिनं आली होती, पण खाऱ्या हवेत ती टिकत नसत आणि कॅसेटींना पांढरी बुरशी धरायची. अशी सगळ्यांत जास्त कामं मला खाडीपलीकडच्या एका घरातून यायची. ते घर शरीफाभाभींचं. अयूबभाईंचा धाकटा भाऊ मन्सूर याची ती बायको. मन्सूर आखातात होता, घरात मूलबाळ नाही, आणि भाभी एका मालिकेच्या कॅसेटी जमवत होत्या.

मालिका जुनी, परदेशी, काळी-पांढरी. समुद्रावरच्या कड्यावर एक घर, त्यात एक कुटुंब, आणि त्या कुटुंबातला शंभर वर्षांपूर्वी मेलेला एक माणूस परत येऊन जेवायला टेबलापाशी बसतो. घरातली माणसं त्याला वाढतात, त्याच्याशी बोलतात. एवढ्याशा गोष्टीचे हजारावर भाग होते. आखातातल्या टीव्हीवर रोज दुपारी ती लागे आणि मन्सूर एकेक भाग टेप करी. एका कॅसेटीत सहा भाग. गावी येणाऱ्या माणसाबरोबर तो त्या पाठवायचा. भाभी त्यांवर नंबर घालून लोखंडी कपाटात लावायच्या. दमट हवा लागू नये म्हणून कपाटात विजेचा बारीक दिवा सतत जळत असे.

भाभींना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मन्सूरने एक युक्ती केली होती. त्याच्या मशिनवर ऑडिओ डबचं बटण होतं. ते दाबून माईकवर बोललं की चित्र तसंच राहतं आणि मूळ आवाजाच्या जागी आपला आवाज बसतो. काम संपल्यावर खोलीवर बसून तो सगळे भाग आपल्या बोलीत सांगायचा. "आता बघ गो, ही म्हातारी खोटं बोलतेय हां. हिला सगळं ठाऊक आहे." मधेच चहाचा घोट, मधेच हसणं. कॅसेटी साफ करता करता मीही त्याचं सांगणं ऐकत बसायचो. चार वर्षांत तो एकदाही घरी आला नाही, पण गावात त्याच्याइतका आवाज कुणाचाच ऐकू येत नसेल.

तो का आला नाही, हेही सांगतो. अयूबभाईंनी मासेमारीची लाँच बांधायला घेतली होती. रजेची वेळ आली की ते लिहायचे, यंदा नको, रजेचे पैसे पाठव, फळ्या आणायच्यात. पुढच्या वर्षी लिहायचे, इंजिन आणायचंय.

तर त्या दिवशी पिशवीत होती ती दोनशे सात नंबरची. मुंबईमार्गे आलेली ती आधी अयूबभाईंच्या हाती पडली होती आणि त्यांनी ती घरी लावून पाहिली होती. ते म्हणाले, चौथ्या भागात मन्सूर काहीबाही बोललाय, ऐकून बाई उगाच घाबरेल, तेवढा आवाज काढून टाक. चित्र राहू दे.

मी कॅसेट लावली. चौथ्या भागात मन्सूर गोष्ट सांगता सांगता थांबला. मागे पंख्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "शरीफा, ऐकतेस ना गो? मला जिना चढवत नाही आता. छाती भरून येते. इथला डॉक्टर म्हणतो घरी जा. पासपोर्ट कंपनीकडे आहे. भाईला तीन पत्रं घातली, उत्तर नाही. तू एक तार कर. आई सीरियस म्हण. आई कधीच गेली, पण यांना काय ठाऊक. तार दाखवली की सोडतील."

मग कितीतरी वेळ तो तेच फिरवून फिरवून सांगत होता. तारेत काय लिहायचं, पत्ता कसा घालायचा, पोस्टात कुणाला भेटायचं. सगळं मिळून अकरा मिनिटं.

अयूबभाई माझ्याकडे न बघता बोलत होते. मन्सूरला लहानपणापासून दमा आहे, थोडं झालं की असाच घाबरतो. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. इंजिन आलं की मीच त्याला बोलावून घेतो.

माझ्या दुकानाचा गाळा त्यांचा होता. पण त्यांनी त्याचं नावही काढलं नाही, आणि मला कुणी धमकावलं म्हणावं तर तसंही झालं नाही. मला वाटलं, घरातली गोष्ट आहे, मोठा भाऊ बघून घेईल. माईक न जोडता मी डबचं बटण दाबलं आणि घड्याळात बघत बसलो. अकरा मिनिटं. पडद्यावर कड्यावरच्या घरातली माणसं तोंडं हलवत होती.

आठवड्याने भाभींचा निरोप आला, आवाज मधेच का गेला? मी कळवलं, बुरशी. त्यांनी विश्वास ठेवला. म्हणाल्या, असू दे, राहिलेलं तो पुढच्या कॅसेटीत सांगेल.

पुढची कॅसेट आली नाही. दीड महिन्याने मन्सूर तिकडे जिन्यात पडून गेल्याची बातमी आली. त्याला तिकडेच दफन केलं.

मन्सूरचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी मला बोलावलं. मशीन बिघडलं असेल म्हणून मी हत्यारांची पेटी घेऊन होडीने खाडी ओलांडली. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर डोळ्यांवर येणारं ऊन, आणि घरात शिरलो तर काळोख. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. उदाचा वास, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्याखाली बुरशीचा तो ओलसर, गोडसर वास. कपाटाच्या फटीतून दिव्याची पिवळी रेघ जमिनीवर पडली होती.

त्यांनी मला खुर्ची दिली. मशीन ठीक आहे, म्हणाल्या. मग सांगितलं, "आत्मारामभाऊ, दोनशे सातमधला गेलेला आवाज परत येतोय. थोडा थोडा."

मी म्हणालो, असं होत नाही. पुसलेला आवाज... इथे मी जीभ चावली आणि म्हणालो, बुरशीने गेलेला आवाज परत येत नाही.

त्यांनी कॅसेट मशीनमध्ये सारली.

चौथा भाग सुरू झाला. मन्सूर गोष्ट सांगत होता. मग त्याचा आवाज तुटला, तिथेच, जिथे मी तोडला होता. पडद्यावर जेवणाचं टेबल, माणसं मुकाट बोलताहेत, मेलेला माणूस बशीकडे बघत बसलाय. खोलीत फक्त मशीनची घरघर. मी मनात म्हटलं, काही नाही. बाईला भास होताहेत.

मग श्वास ऐकू आला.

जिना चढणाऱ्या माणसाचा श्वास. चार पायऱ्या, थांबणं... पुन्हा चार पायऱ्या... थांबणं. तो टीव्हीतूनच येत होता, पण पडद्यावर कुणी जिना चढत नव्हतं. मी भाभींकडे पाहिलं. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या, मन्सूरच्या सगळ्या कॅसेटी ऐकल्या असतील तशाच.

"शरीफा, ऐकतेस ना गो..."

अकरा मिनिटांतले सगळे शब्द आले. छाती, डॉक्टर, पासपोर्ट, तार. मला ते पाठ होते. पण मी ऐकले होते तेव्हा त्या आवाजात घाई होती. आता नव्हती. एकेक शब्द तो खाली ठेवल्यासारखा ठेवत होता. शेवटचा शब्द झाला आणि मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्याने चहाचा घोट घेतला आणि गोष्ट सांगायच्या आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाला,

"आता बघ गो. हा माणूस मिरजोळ्याहून आलाय, सायकलवरून. घामाघूम झालाय. माझा भाई पायरीवर बसलाय. भाई म्हणतो, एवढं काढून टाक. आणि हा... बघ हां... हा घड्याळात बघतो. याला वाटतं, कुणी बघत नाही."

माझ्या हातातली पेटी खाली पडली. पाने-पेचकस फरशीवर पसरले. भाभींनी उठून मशीन बंद केलं, पण खिडकी उघडली नाही.

"कालपर्यंत तारेपर्यंतच यायचं," त्या म्हणाल्या. "हे पुढचं आज तुम्ही आल्यावर आलं."

मी सगळं कबूल केलं. फरशीवर बसूनच. अयूबभाईंनी काय सांगितलं, मी काय केलं, बुरशीचं खोटं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. माझं बोलून झालं. मग त्या म्हणाल्या, "पोस्ट इथून शंभर पावलांवर आहे. मी अनवाणी गेले असते."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकलंच नाही जणू. मी हत्यारं गोळा करत होतो तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, की मालिका अर्धवट राहिली आहे, पुढचे भाग तुम्ही आणून द्यायचे. कुठून आणायचे ते तुम्ही बघा.

त्यांनी दुसऱ्या दिवशी अयूबभाईंनाही बोलावून ती कॅसेट ऐकवली. अयूबभाईंना काही ऐकू आलं नाही. अकरा मिनिटं ते शांत पडद्याकडे बघत बसले, आणि बाहेर येऊन लोकांना म्हणाले, बिचारीचं डोकं फिरलंय. पुढच्या हंगामात लाँच पाण्यात उतरली. तिला मन्सूरचं नाव दिलं. समारंभाला सगळा गाव होता, मला बोलावणं होतं, मी गेलो नाही. लाँच चांगली चालली. अयूबभाईंनी दुसरी घेतली. देवाच्या दरबारात न्याय असतो, असं म्हणणारी माणसं मला त्या दिवसांत फार भेटत. मी त्यांच्याशी वाद घालत नसे.

गाळा मी सोडला. सावर्ड्याला, हमरस्त्यावर एका टपरीत रेडिओ दुरुस्त करू लागलो. आणि भाग जमवू लागलो. ते काम सोपं नव्हतं. मालिकेचं नाव कुणाला धड ठाऊक नसे. आखातातून कुणी आल्याचं कळलं की मी त्याच्या दारात जायचो. एक जण सात भाग द्यायचा, त्यांतले चार आधीच आपल्याकडे असायचे. चिपळुणात एका घराच्या माळ्यावर नऊ कॅसेटी मिळाल्या. पुराच्या पाण्यातून वाचलेल्या, गाळाने माखलेल्या. एकेक कॅसेट उघडून, फीत हाताने फिरवत, मऊ फडक्याने पुसत मी महिनाभर बसलो. मुंबईत एका दुकानदाराकडे तीन महिने खेटे घातले. मिळेल ती कॅसेट मी भाभींना पाठवायचो. सगळ्या मूळ इंग्रजी आवाजातल्या, त्यांत मन्सूर असायचं काहीच कारण नव्हतं. त्यांची पोच दोन ओळींची येई. मिळाली. चित्र बरं आहे. माझी विचारपूस कधीच नसे. ती मला अपेक्षितही नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेवटचे सहा भाग मिळाले. दोनशे एकतीस नंबर. मालिका तिथे संपते. दुकानदाराच्या सीलसकट पॅक कॅसेट होती. मी ती लावून बघितली. इंग्रजीच होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पार्सल केलं आणि मनाशी म्हटलं, माझ्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालं.

या वेळी पोच लवकर आली, आणि दोन ओळींहून मोठी होती. भाभींनी पहिल्यांदाच 'आत्मारामभाऊ' असं वर नाव घालून लिहिलं होतं. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ.

'कॅसेट मिळाली. शेवटपर्यंत त्याने नीट समजावून सांगितलं. पण या वेळी तो एकटा नाही. शेजारी कुणीतरी बसलंय, ते सारखं खोकतं. कोण, ते मला कळलं नाही. खोकणं अयूबभाईंसारखं वाटलं, पण ते ठणठणीत आहेत, सकाळीच बंदरावर दिसले. शेवटच्या भागात तो त्या माणसाला दोनदा म्हणतो, जरा सरकून बस, सावर्ड्याहून अजून एक जण यायचाय.'