आपांची परीक्षा

पिशोरची मुलींची शाळा चालू ठेवायची की बंद करायची, एवढंच ठरवायला मी गेले होते. पोलीस ॲक्शनला तीन-चार वर्षं झाली होती. निजामाच्या वेळच्या उर्दू शाळा मराठी झाल्या होत्या आणि मला नगरहून औरंगाबादला आणून मुलींच्या शाळांची तपासनीस केलं होतं. ज्या शाळेत निम्म्या मुलींनाही मराठी वाचता येत नसेल ती बंद करावी, असा वरून हुकूम होता. बंद झाली की त्या मुली घरीच बसणार, कारण मुलांच्या शाळेत त्यांना कोणी पाठवणार नव्हतं. हे हुकूम काढणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

माझी तपासायची पद्धत आधी सांगते. तपासणी आली की पोरी क्रमिक पुस्तक घडाघडा वाचून दाखवत. कौतुकानं जवळ जाऊन बघावं तर पुस्तक उलटं धरलेलं. सगळं पाठ. म्हणून मी पुस्तक मिटायला लावायची आणि पाटीवर एक असा शब्द लिहायची, जो जगात कुठंच नाही. लमिटो. झेकुदा. त्या घटकेला सुचेल तसा. जिला अक्षरं कळतात ती एकेक अक्षर लावून तो वाचते. जिचं नुसतं पाठांतर आहे ती गप्प बसते, नाहीतर बिचारी एखादा ओळखीचा शब्द ठोकून देते. कचेरीत या शब्दांवरून माझी भरपूर थट्टा व्हायची. मी थट्टेला भीक घालत नसे.

कन्नड गावापर्यंत मोटार, पुढं काकासाहेबांनी पाठवलेली बैलगाडी. काकासाहेब म्हणजे तिथले मोठे जमीनदार. शाळेची खोलीही त्यांचीच, पूर्वी तिथं कापूस भरायचे. लांबलचक खोली, एकच दार आणि उंचावर दोन झरोके. बाहेर भर दुपार होती, तरी आत दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. भिंतींना जुन्या सरकीचा वास होता. मास्तरीण वच्छलाबाई जेमतेम विशीची होती, आणि माझ्याकडं बघताना तिच्या डोळ्यांत सारखं पाणी येत होतं. मी तिला मुलींबरोबर बाहेर ओट्यावर बसवलं, एकेकीला आत बोलवायचं ठरवलं आणि दार लोटून घेतलं.

पहिली आली भागू. सांडू नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, घरात कुणाला अक्षराचा गंध नाही. मी पाटीवर ‘लमिटो’ लिहिलं. तिनं पाटीकडं पाहिलं, मग माझ्या डाव्या खांद्याच्या बाजूला पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “टोमिल.”

मी दुसरा शब्द दिला, ‘झेकुदा’. पुन्हा तीच नजर, तसंच थांबणं. “दाकुझे.”

एक अक्षर चुकलं नव्हतं. फक्त उजवीकडून वाचलं होतं. मला हसूच आलं, कारण असं वाचणारं माणूस माझ्या ओळखीचं होतं. आमच्या कचेरीतले शफीकमियाँ सारा जन्म उर्दूत काम केलेले. नव्यानं मराठी शिकताना त्यांचंही बोट असंच ओळीच्या उजव्या टोकाला जायचं. ओळखीचा शब्द असला की माणूस स्वतःला सावरून घेतो. माझ्या शब्दांना अर्थच नसायचा, त्यामुळं सावरायला काही राहत नसे. पण भागूनं उर्दू अक्षर जन्मात पाहिलं नव्हतं. शाळा मराठी झाल्यावरच ती शाळेत आली होती.

दुसरी आली, तिसरी आली. एकेक करत सगळ्या आल्या आणि सगळ्यांनी तसंच वाचलं, आधी माझ्या डाव्या बाजूला बघून. तोवर खोलीत आणखी एक वास आल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. विड्याचा, काताचा आणि लवंगेचा. मी पान खात नाही, वच्छलाबाईही खात नव्हती. मी डावीकडं वळून पाहिलं. एक रिकामी लाकडी खुर्ची होती, बाकी काही नाही.

शेवटी अजरा आली. मुलींत सगळ्यात मोठी, दहा-अकरा वर्षांची. शाळा सुटली तर हिचा निकाह लावून देतील, असं वच्छलाबाईनं मला आधीच सांगितलं होतं. तिनंही तसंच वाचलं. मग माझा चेहरा बघून ती रडवेली झाली.

“चुकलं का, बाई?”

“उलटं वाचतेस तू. असं कुणी शिकवलं?”

“आपा शिकवत्यात.” तिनं खुर्चीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आपा बोट ठेवत्यात… तसं आमी वाचतो.”

मी उठून दार उघडलं आणि वच्छलाबाईला आत घेतलं. ती उंबऱ्याशीच उभी राहिली. विचारलं तेव्हा तिनं खालमानेनं सगळं सांगितलं. तिच्या आधी इथं आमिना आपा शिकवायच्या, कितीतरी वर्षं, उर्दूतून. शाळा मराठी झाली तेव्हा एक साहेब येऊन सांगून गेले, दिवाळीपर्यंत मराठी वाचायला शिका, मी परीक्षा घेईन, नाहीतर घरी बसा. आपांनी मराठीच्या बालबोध लिपीचं पुस्तक आणलं आणि याच खोलीत बसून एकट्या शिकू लागल्या. ओळ कुठून वाचायची ते दाखवायला कुणी नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर त्यांना ताप भरला, तरी साहेब येतील म्हणून त्या रोज धुतलेले कपडे घालून त्या खुर्चीवर येऊन बसत. साहेब आलेच नाहीत. आपा तिथंच गेल्या.

“मी सरळच शिकवते, बाई,” वच्छलाबाई म्हणाली. “मी घरी गेल्यावर मुली इथं थांबतात. पुढचं मला विचारू नका.”

मला भीती वाटत होती, ती का लपवू? पण खरं सांगते, भीतीपेक्षा जास्त मला त्या बाईची कीव आली. एवढा अभ्यास करायचा, तयार होऊन बसायचं आणि परीक्षाच होऊ नये. आणि मी खरा अहवाल लिहिला तर शाळा बंद होणार हे तर दिसतच होतं. मी वच्छलाबाईला बाहेर पाठवलं, अजराला समोर बसवलं आणि पाटी त्या खुर्चीच्या बाजूला धरली. एक नवीन शब्द लिहिला. माझं बोट त्याच्या डाव्या टोकाला ठेवलं.

“आपा,” मी म्हणाले, “इकडून…”

बाहेर पोरींची कुजबुज चालली होती, तीही थांबली. मग माझ्या बोटावर काहीतरी टेकलं. थंड, कोरडं, म्हाताऱ्या बोटासारखं. मी हात मागं घेतला नाही. माझं बोट सावकाश उजवीकडं सरकवत नेलं आणि ते बोट माझ्याबरोबर आलं. अजरा पाटीकडं बघतच नव्हती, तिची मान खाली होती. तिच्या तोंडून शब्द आला, अडखळत, एकेक अक्षर, पण सरळ. मी तो पुसून दुसरा लिहिला. तोही आला. तिसऱ्याला अडखळणं राहिलं नव्हतं.

“पास,” मी म्हणाले. “आपा, तुम्ही पास झालात. आता तुम्हाला इथून कुणी काढणार नाही.”

मग मी मुलींना पुन्हा एकेक करून बोलावलं, नवे शब्द दिले. सगळ्यांनी सरळ वाचलं. शाळा चालू राहावी असं मी लिहून दिलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. परतीच्या वाटेवर बैलगाडीत मला शांत झोप लागली.

कंदिलाची वात जरा वर कर, पुढचं सांगते.

यंदा, म्हणजे दोन वर्षांनी, पावसाळ्यात मी पुन्हा पिशोरला गेले. वच्छलाबाई लग्न होऊन केव्हाच गेली होती आणि तिच्या जागी कचेरीनं कुणाला पाठवलंच नव्हतं. मला वाटलं, शाळा ओस पडली असेल. खोलीत मुली रांगेत बसल्या होत्या, पुढं रिकामी खुर्ची. अजराही होती, तिचं लग्न लांबलं होतं. नव्या, लहान पोरी आल्या होत्या, ज्यांना कुणाही मास्तरणीनं कधी शिकवलं नव्हतं. मी पाटीवर शब्द देत गेले आणि त्या वाचत गेल्या, स्वच्छ, डावीकडून उजवीकडं. मी मनात म्हटलं, दिलेला शब्द मी पाळला आणि आपांनी नोकरी पाळली. मला फार बरं वाटलं.

निघायला उठले तेव्हा सगळ्यात लहानगी, आवडा, आपली पाटी घेऊन माझ्यापुढं आली आणि ती माझ्यासमोर धरली. पाटीवर उर्दूत एक शब्द लिहिला होता. वळणदार, सरावाच्या हाताचा. आवडाला तर अजून पाटीवरची पेन्सिल नीट धरता येत नव्हती.

“आपा म्हनत्यात, आता तुमी वाचा.”

मी पाटी हातात घेतली. नगरकडं वाढलेली मी, मला उर्दूचं पहिलं अक्षर, अलिफसुद्धा ओळखता येत नव्हता. सगळ्या पोरी माझ्याकडं बघत होत्या, अगदी शांतपणे. त्यांच्याकडं आजवर मी असंच बघत आले असेन.

“मला येत नाही, आपा,” मी खुर्चीला सांगितलं.

आवडानं मान कलती करून ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, “दिवाळीपस्तोर शिका म्हनत्यात. मंग त्या तुमच्या घरी येतेल.”

दसरा होऊन गेला. शफीकमियाँ रोज कचेरी सुटल्यावर येतात आणि मला अक्षरं गिरवायला लावतात. या वयात बाईंना हे काय सुचलं, म्हणून हसतात. तो पाटीवरचा शब्द मी जसाच्या तसा उतरवून आणून त्यांना दाखवला होता. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, बाई, असा लफ्ज नाही, याला काही मानीच नाही. अर्थ नसणारच. त्यांच्याकडून ऐकून मी तो पाठ करू शकले असते, पण उपयोग काय? परीक्षेत एकदा दिलेला शब्द मी कधी दुसऱ्यांदा देत नाही. आपाही देणार नाहीत.

अक्षरं सुटी असली की ओळखते मी आता. जोडून आली की अजून गोंधळते. काल झोपण्याआधी पाटीच्या दोन्ही बाजू भरून गिरवलं आणि ती कोनाड्यात ठेवली. आज सकाळी पाहिलं तर ती ओल्या फडक्यानं पुसून स्वच्छ करून ठेवलेली होती. घरात मी एकटीच असते, हे तुला ठाऊक आहे.