झुंबर कुणाच्या मागं पळाली?

"बाई हायत का?"

त्र्यंबक सबनीस वकिलांच्या अंगाचा तिळपापड झाला. दारावर पाटी त्यांची, खुंटीवर काळा कोट त्यांचा. पण राजारामपुरीतल्या या घरी येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या खांद्यावरून आत डोकावायचा आणि कालिंदीबाईंनाच विचारायचा. पाटीवर खाली 'खासगी तपास – सौ. कालिंदी सबनीस' ही ओळ त्यांनीच हौसेनं रंगवून घेतली होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

"मी आहे ना," ते म्हणाले. "बोला."

"तुम्ही हायसा त्ये दिसतंय की. बाई न्हाईत व्हय?"

तेवढ्यात कालिंदीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पाहुण्याचा चेहरा उजळला. त्र्यंबकराव खुर्चीत जाऊन बसले आणि उगाचच वर्तमानपत्र उघडून धरलं.

पाहुणा होता सिद्धाप्पा गवळी. धिप्पाड देह, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हातात घामानं ओला झालेला पोलिसांचा कागद.

"सोमवारी दुपारी शाळेसमोरनं माझी येझदी भरधाव गेली म्हणं," तो म्हणाला. "हवालदारानं शिट्टी मारली तर थांबली न्हाई. एक पोर चाकाखाली जाता जाता वाचलं. नंबर माझाच हाय. पण मी तवा घरात झोपलेलो, बाई. पहाटं उठून धारा काढणारा माणूस मी, दुपारचा मेल्यागत झोपतो. आता लायसन काढून घेणार म्हंत्यात. फटफटी थांबली की माझा रतीब गेला. आणि म्होरं पाडवा हाय."

पाडवा म्हटल्यावर कोल्हापुरात कुणाला काही समजवावं लागत नाही. दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपापल्या म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात आणि सागरमाळावर पळवतात. मालक पुढं मोटरसायकलीवर, म्हैस मागं. सिद्धाप्पाची झुंबर गेली काही वर्षं कुणाला हार गेली नव्हती. मानाचा फेटा दर पाडव्याला त्याच्याच डोक्यावर बसायचा.

"गाडी दुसऱ्या कुणी नेली असेल," त्र्यंबकराव वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"किल्ली गोठ्यात खुंटीलाच असती, कुणी बी न्हील. पण गाडीमागं झुंबर पळत हुती, साहेब. हवालदारानं वळखली. आणि झुंबर माझ्याबिगर कुणाच्या मागं पळत न्हाई, हे मीच गावभर छाती ठोकून सांगत फिरलोय." सिद्धाप्पानं कपाळावर हात मारला. "माझीच जीभ माझ्या गळ्यात आली."

त्र्यंबकरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांचे डोळे चमकले. "म्हैस मागं पळत होती ना? मग भरधाव कसली? भरधाव गाडीची बरोबरी करणारी म्हैस हवालदारानं कोर्टात आणून दाखवावी. खटला तिथंच उडाला."

मुद्दा बिनतोड होता. त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"छान मुद्दा आहे," कालिंदीबाई म्हणाल्या. "आधी, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारू या."

छान म्हणे. पोराला पाढे आले की म्हणतात तसं.

शाळेसमोर तानाबाई भाजी घेऊन बसायची. पोराला तिनंच मागं ओढलं होतं.

"फटफटी निवांतच आलती," तिनं सांगितलं. "म्हस मागनं, नाक सीटला लावून, लगीनघरातल्या पोरीवानी खुशीत. मग शाळेम्होरं म्हस बघून हवालदारानं शिट्टी मारली न् गडी सुटला बघा. म्हस बिचारी मागंच ऱ्हायली. रस्त्यात हुबी ऱ्हाऊन टकामका बघत हुती. मग गेली घराकडं आपली आपण."

त्र्यंबकरावांचा बिनतोड मुद्दा तानाबाईच्या टोपलीतल्या वांग्यांशेजारी आडवा झाला.

"गाडीवरचा माणूस म्हशीला हाका मारत होता?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"शब्द न्हाई. डोक्याला टावेल गुंडाळलेला. मान सुदीक मागं वळवली न्हाई त्यानं. दावं मातर तिच्या गळ्यात लोंबत हुतं, पायात यील म्हून मला भ्या वाटलं."

तिथून दोघं हंबीररावाकडं गेले. दर पाडव्याला याची म्हैस दुसरी यायची आणि दर पाडव्याला हा घरी जाऊन जेवायचा नाही, असं गल्लीत बोललं जाई. त्याच्याकडंही येझदीच होती, काळीच. त्र्यंबकरावांना आत शिरतानाच खात्री झाली. खोटी नंबरपट्टी लावायला असा कितीसा वेळ लागतो?

"सिद्धाप्पाची जिरली तर पेढे वाटीन मी," हंबीरराव सरळ म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पोटात आग पडती माझ्या त्याचा फेटा बघून. पण माझी गाडी ही बघा."

येझदीचं इंजिन पोत्यावर सुटं पडलं होतं. त्यावर चांगली बोटभर धूळ होती आणि एका कोपऱ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"आणि समजा दुसऱ्याची गाडी आणली असती," तो पुढं म्हणाला, "तरी झुंबर आली असती व्हय? मागल्या साली पैज लावून सिद्धाप्पाच्याच गाडीवर बसून हाका मारल्या मी. शेपूट बी हलवली न्हाई तिनं. अवो, खुद्द सिद्धाप्पा हाका मारून मारून घसा फोडतो, दर दहा पावलांवर मागं बघतो, तवा कुठं ती पळती. जरा गप बसला की थांबलीच."

कालिंदीबाई एकदम हसल्या. कशाला हसल्या ते त्र्यंबकरावांना कळलं नाही, आणि विचारायचं तर त्यांच्या जिवावर आलं.

सिद्धाप्पाचा गोठा घराच्या मागं होता. झुंबर म्हणजे खरोखर पाहण्यासारखी म्हैस. काळीभोर, अंगावर तेल चोपडलेलं, शिंगाला तांबडा गोंडा. तिला गोंजारत सिद्धाप्पाचा धाकटा भाऊ बसलिंगाप्पा उघड्या अंगानं उभा होता. गोठ्यातच राहायचा, तिथंच झोपायचा. लग्न झालं नव्हतं.

"सोमवारी दुपारी मी हितंच झोपलेलो," तो म्हणाला. "जाग आली तर म्हस न्हाई. दावं तोडून पळालेली. फटफटीचं मला ठावं न्हाई."

"हेच ते दावं?" कालिंदीबाईंनी झुंबरच्या गळ्यातल्या दोराला हात लावला. जुना, तेलानं काळा पडलेला दोर होता. त्या तो हातातून सरकवत शेवटापर्यंत गेल्या.

"व्हय. हेच एक हाय तिला."

त्र्यंबकराव कंटाळून खांबाला टेकले, आणि पुढच्याच क्षणी मान चोळत उडी मारून बाजूला झाले. खांबाच्या खुंटीवर एक सदरा टांगला होता. त्याच्या खिशापासून तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती, आणि तिच्यातल्या काही वकिलांच्या कॉलरमध्ये शिरल्या होत्या. बसलिंगाप्पा ओशाळं हसला. त्यानं सदरा झटकून अंगात घातला. झुंबरनं लगेच त्याच्या कुशीत तोंड खुपसलं.

"सिद्धाप्पा, झुंबरला गूळ आवडतो का हो?" कालिंदीबाईंनी सहज विचारलं.

"गूळ? छ्या. गोडानं जनावर सुस्तावतं. माझ्या गोठ्यात गुळाचा खडा चालत न्हाई मला. बसूला बी ताकीद हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीबाईंनी सगळ्यांना गोठ्यामागच्या बोळात बोलावलं. दोघं भाऊ आले, हंबीरराव आला, आणि कुरकुरत का होईना, हवालदारही आला.

"सिद्धाप्पा, तुम्ही बोळाच्या त्या टोकाला उभे राहा आणि झुंबरला हाका मारा," त्या म्हणाल्या. "बसलिंगाप्पा, तुम्ही या टोकाला. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. अहो, तुम्ही म्हैस सोडा."

शेवटचा हुकूम त्र्यंबकरावांना होता. त्यांनी आयुष्यात म्हैस सोडली नव्हती. जीव मुठीत धरून त्यांनी गाठ सोडली आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

"झुंबरे, ये. ये गं माजी बाय," सिद्धाप्पानं हाक घातली. सारी गल्ली जागी व्हावी अशी हाक होती ती.

झुंबर दोन पावलं त्याच्याकडं गेली, थांबली आणि वळली. मग ती थेट बसलिंगाप्पाकडं चालत गेली आणि तिनं त्याच्या खिशात तोंड घातलं. बसलिंगाप्पा मान खाली घालून उभा होता.

सिद्धाप्पानं आणखी एक हाक मारली, पण ती अर्धीच आली.

"सगळ्यांनी एकच धरून ठेवलं होतं," कालिंदीबाई म्हणाल्या. "झुंबर पळाली, म्हणजे पुढं सिद्धाप्पाच असणार. पण सिद्धाप्पा पुढं असला की त्याला ओरडावं लागतं, मागं बघावं लागतं. हंबीररावांनी स्वतः सांगितलं. सोमवारचा माणूस तर मुका होता, आणि मागं बघायची त्याला गरजच वाटली नाही. ती येणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे तो सिद्धाप्पा नव्हताच. सिद्धाप्पापेक्षा तिला जवळचा असा कुणीतरी होता."

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"दाव्याचं म्हणाल, तर बसलिंगाप्पा म्हणाला म्हैस दावं तोडून पळाली. पण ते दावं मी हातातून काढलं. जुनंच आहे, अख्खं आहे, कुठं जोडलेलं नाही. तुटलं नव्हतं, कुणीतरी सोडलं होतं. गोठ्यात त्या वेळी माणूस एकच. गाडी त्यानं कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली असणार, म्हणून घरात आवाज आला नाही. आणि ज्या गोठ्यात गूळ चालत नाही, तिथल्या सदऱ्याच्या खिशाला मुंग्या कशा लागतात, हे आमच्या ह्यांच्या मानेला विचारा."

त्र्यंबकरावांचा हात आपोआप मानेवर गेला. एवढं सगळं त्यांनीही पाहिलं होतं, ऐकलं होतं. मुंग्या तर त्यांनाच चावल्या होत्या, आणि निष्कर्ष मात्र बाईंचा. एखाद्याच्या नशिबात नुसतं चावून घेणंच असतं.

"आण्णा," बसलिंगाप्पा भावाकडं न बघता म्हणाला, "रेडकू हुती तवापास्नं हातावर वाढवली मी हिला. श्याण मी काढायचं, शिंगं मी रंगवायची, आजारी पडली तर रात रात मी बसायचं. आणि पाडव्याला फेटा तुला. लोक म्हंत्यात, सिद्धाप्पाची झुंबर. एकानं कधी बसूची म्हटली न्हाई. म्हून दुपारचा तू झोपलास की माळावर न्यायचो तिला. माझ्या मागं बी पळती, हे माझं मला बघायचं हुतं."

"मग शिट्टी ऐकून थांबला का नाहीस?" हवालदारानं विचारलं.

"थांबणारच हुतो. मग मनात आलं, नंबर तर आण्णाचा हाय. गेलं त्याचं लायसन तर यंदा पाडव्याला मीच." त्यानं डोळे पुसले. "त्ये पोर मला दिसलंच न्हाई, बाई. तवापास्नं झोप न्हाई मला."

सिद्धाप्पा पुढं आला. त्याचा हात वर गेला. आता धाकट्याच्या कानाखाली बसणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो हात भावाच्या खिशात गेला. त्यानं गुळाचा खडा काढला आणि झुंबरपुढं धरला. तिनं तो खाल्ला, आणि चघळत पुन्हा बसूकडंच बघत राहिली.

"लायसन गेलं असतं तर सालभरानं परत आलं असतं की," सिद्धाप्पा कालिंदीबाईंना म्हणाला. "तुमच्याकडं आलो नसतो तर बरं झालं असतं."

कोर्टात त्र्यंबकरावांनी झकास भाषण केलं. सिद्धाप्पावरचा खटला निकालात निघाला. बसलिंगाप्पानं गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि त्याचं लायसन काही महिने जमा झालं. सिद्धाप्पा बाईंसाठी शाल-नारळ घेऊन घरी आला तेव्हा त्या मंडईत गेल्या होत्या. त्र्यंबकरावांनी शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि त्या आल्या तरी काढली नाही.

पाडव्याला दोघं नवराबायको शर्यत बघायला सागरमाळावर गेले. गाडी सिद्धाप्पा चालवत होता, आणि मागच्या सीटवर, खिशात गूळ घेऊन, बसलिंगाप्पा मुकाट बसला होता. दुसरा इलाजच नव्हता. लायसन एकाकडं आणि म्हैस दुसऱ्याकडं.

झुंबर अशी पळाली की हंबीररावाची म्हैस मध्येच थांबून चरायला लागली. सिद्धाप्पानं अख्ख्या वाटेत एक हाक मारली नाही. तो फक्त हँडलवरच्या आरशात बघत होता. आरशात झुंबर दिसत होती. ती बसूच्या पाठीवरची नजर काढत नव्हती.

पंचांनी फेटा आणला. सगळी गवळी गल्ली बघत होती, आता थोरला काय करतो. बसलिंगाप्पा दोन पावलं मागं सरून उभा राहिला.

सिद्धाप्पानं भावाकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं, आणि फेटा स्वतःच्याच डोक्याला बांधून घेतला.

"काय माणूस आहे," कालिंदीबाई म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी खांद्यावरची शाल नीट केली. त्यांना त्याचं अजिबात नवल वाटलं नव्हतं.